बारा व्होल्टांचा तांडेल

आमच्या भंडारा जिल्ह्यात पाण्याला तोटा नाही. वैनगंगा आहे, तिला येऊन मिळणाऱ्या बावनथडी, सूर, चुलबंद आहेत, जुन्या काळी कोहळ्यांनी बांधलेले तलाव आहेत, ज्यांना सरकारी कागदात 'माजी मालगुजारी' आणि लोकांच्या तोंडी नुसते 'मामा तलाव' म्हणतात. पवनीजवळच्या गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. ते पाणी अडल्यापासून नदीचाच समुद्र झाल्यासारखा वाटतो. पण वाटतो एवढेच. खरा समुद्र आम्हांला पूर्वेलाही लांब आणि पश्चिमेलाही लांब. ढिवरांचा डोंगा आम्ही जन्मापासून पाहतो. शिडाचे गलबत मात्र शाळेच्या पुस्तकातल्या चित्रातच. तेव्हा मागल्या दिवाळीनंतर मी सबंध आठवडा एका शिडाच्या नौकेच्या पोटात, हातात मीटर घेऊन, उताणा-पालथा पडून काढला, असे मी तुमसरच्या चहाच्या हॉटेलात सांगितले तेव्हा मंडळी हसली. एकाने तर विचारले, "मामाजी, तिथं काय मीटर रीडिंगला गेलते का?"

गेलो होतो भाच्यासाठी. आमच्या घरात भाच्याच्या पाया पडायची चाल आहे. तो पाळण्यात असतानाही मी त्याला वाकून नमस्कार केलेला आहे. आता तो गोव्याला एका औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. हा मुलगा तलावात पोहायला शिकला आणि समुद्राच्या नादी लागला. त्याने आणि दोघा मित्रांनी मिळून एक जुनी, तेहेतीस फुटी, फायबरची शिडाची नौका विकत घेतली आणि मांडवीत नांगरून ठेवली. सुट्टीच्या दिवशी फिरून यावे इथपर्यंत ठीक होते. पण त्याच्या मनाने घेतले, की डिसेंबरात एकट्याने पणजीहून मुंबईला जायचे. दोन-तीन दिवस आणि तितक्याच रात्री. एकट्याने.

माझी धाकटी बहीण साकोलीला असते. तिला हा एकुलता एक. त्याचे वडील तो दहा वर्षांचा असताना गेले. तिने मुलाला 'नको' म्हटले नाही, कारण 'नको' म्हटले तर तो थांबेल हे तिला ठाऊक होते, आणि थांबलेला मुलगा तिला नको होता. तिने मला बोलावले आणि म्हणाली, "भाऊ, तो म्हनते का त्या बोटीत एक यंत्र हाय, ते बोट चालवते आन् हा झोपते. पन ते यंत्र मधातच बंद पडते म्हनते. तू आपल्या डोळ्यानं पाहून ये. तू हो म्हनशील तर मी हो म्हनीन."

आता मी कोण, तर चिखल्याच्या मँगनीज खाणीत एकतीस वर्षे इलेक्ट्रिशियन होतो. आमची खाण जमिनीखालची. खाली उतरणाऱ्या माणसाच्या टोपीवर दिवा असतो, कमरेला त्याची बॅटरी. नोकरीतली पहिली नऊ वर्षे मी त्या दिव्यांच्या खोलीत काढली. चार व्होल्टांचा दिवा! घरच्या दोनशे तीस व्होल्टांची सवय झालेल्या वायरमनला चार व्होल्ट म्हणजे खेळणे वाटते. पण विजेचे खरे शिक्षण कमी व्होल्टातच होते. दोनशे तीसमधून एखाद्या गंजलेल्या सांध्याने एक व्होल्ट खाल्ला तर कुणाला पत्ता लागत नाही; चारातून एक खाल्ला तर माणूस अंधारात उभा राहतो. शिवाय खाणीत तपासणी झाली की वहीत लिहून खाली सही करावी लागते. त्या सहीच्या भरवशावर माणसे खाली उतरतात. एकतीस वर्षांत मी हजारो सह्या केल्या. बहिणीने मागितली ती तशीच एक, फक्त तिची वही वेगळी.

ते यंत्र म्हणजे ऑटोपायलट. विमानातला सर्वांना ठाऊक आहे. नौकेतला त्याचा चुलतभाऊ. त्याचे अवयव मोजके. एक होकायंत्र, जे नौकेचे नाक कुठल्या दिशेला आहे ते सांगते. एक पेटी, तिला मेंदू म्हणा. ती ठरवलेली दिशा आणि खरी दिशा यांतला फरक काढते. एक मोटर, जी दांडा पुढे-मागे ढकलून सुकाणू फिरवते. सुकाणू किती फिरले ते मेंदूला कळवणारा एक छोटा अवयव. आणि चाकापाशी बटणांची एक पट्टी. हे सारे बारा व्होल्टांच्या बॅटरीवर. नौका वाऱ्यावर चालते, पण तिचा हा तांडेल विजेवर जगतो.

या मेंदूची जन्मकथा मला फार आवडते. निकोलस मिनोर्स्की नावाचा रशियातून अमेरिकेत गेलेला एक इंजिनिअर होता. त्याने १९२२ साली जहाजे आपोआप वळवण्यावर एक निबंध लिहिला, आणि पुढे 'न्यू मेक्सिको' नावाच्या अमेरिकन युद्धनौकेवर त्याच्या यंत्राच्या चाचण्या झाल्या. त्याने आधी काय केले? सुकाण्यावरची अनुभवी माणसे काय करतात ते पाहिले. कच्चा माणूस जहाज किती भरकटले एवढेच पाहतो आणि तितके सुकाणू फिरवतो. मुरलेला माणूस ते किती वेगाने भरकटत आहे तेही पाहतो आणि जहाज सरळ व्हायच्या आधीच हात सैल करतो. वारा एका बाजूने सतत दाबत असेल तर सुकाणू थोडे त्या बाजूला धरूनच ठेवतो. या तीन गोष्टी मिनोर्स्कीने गणितात बसवल्या. आज जगातल्या कारखान्यांत, भट्ट्यांत, जिथे म्हणून काही नेमके राखायचे असते तिथे हेच गणित चालते. आमच्या वैनगंगेवर पुराच्या पाण्यात डोंगा पार नेणारा ढिवर हे तिन्ही करतो. त्याने निबंध लिहिला नाही, इतकेच.

एकट्या माणसाला या यंत्राचे मोल काय, ते जे खरोखर एकटे गेले त्यांच्याकडून समजावे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची 'सुहेली' ही बत्तीस फुटी नौका आपल्या मुंबईत, सागवानात बांधलेली. तिच्यातून तो १४ जून १९६८ रोजी इंग्लंडातल्या फाल्मथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी घालून परत आला. एकट्याने आणि न थांबता असे करणारा तो जगातला पहिला. त्याच्याकडे विजेचा तांडेल नव्हता. वाऱ्याच्या पात्यावर चालणारे सुकाण होते, आणि तेही ऑस्ट्रेलियाच्या आसपास मोडून पडले. पुढचा सारा प्रवास त्याने शिडेच अशी तोलून धरली, की नौका आपली आपण वाट धरील. निजायचे, जागे व्हायचे, पुन्हा तोलायचे.

आपल्याकडे हे स्वप्न पाहिले व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी. ते नौदलातून निवृत्त होऊन फलटणजवळ विंचुर्णीला राहत. त्यांच्या हाकेला नौदलातून कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात छप्पन फुटी 'म्हादेई' बांधली गेली. दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन अशी चार बंदरे घेत १९ मे २०१० रोजी मुंबईला परतले. एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला भारतीय माणूस. मग त्याच 'म्हादेई'तून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले आणि ३१ मार्च २०१३ रोजी कुठेही न थांबता परत आले. २०१७–१८ मध्ये वर्तिका जोशींच्या हाताखाली सहा महिला अधिकारी 'तारिणी'तून जगाला फिरून आल्या. हे सगळे माझ्या भाच्याला पाढ्यांसारखे पाठ. त्याच्या आईला मात्र यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. तिने पाहिले होते ते टीव्हीवर, सप्टेंबर २०१८ मध्ये, जेव्हा टॉमींची डोलकाठी हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात मोडली, पाठीला मार लागून ते हलू शकेनात आणि तिसऱ्या दिवशी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. त्या शर्यतीत १९६८ सालची साधनेच चालत; विजेच्या तांडेलाला मनाई होती. हेच टॉमी पुढच्या खेपेला, २०२३ साली, तीच शर्यत पुरी करून दुसरे आले, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "ते मी नाही पाह्यलं."

तर मी तुमसर रोडला विदर्भ एक्सप्रेस धरली आणि मुंबईहून कोकण रेल्वेने गोव्याला उतरलो. बरोबर माझी हत्यारांची पिशवी आणि बहिणीने मुलासाठी दिलेला फराळाचा पत्र्याचा मोठा डबा. या डब्याविषयी पुढे येईल.

भाच्याने दुखणे सांगितले ते असे. धक्क्याला यंत्र चोख चालते. इंजिनवर चालले असतानाही चोख चालते. रात्री शिडावर असताना, वारा वाढला की मध्येच पट्टीवरचे आकडे विझतात, क्षणभराने पुन्हा उजळतात, आणि तेवढ्यात सुकाणू मोकळे सुटून नौका वाऱ्यात तोंड घालते. तालुक्याच्या डॉक्टरसारखा एक कारागीर दोनदा येऊन गेला होता. त्याने मीटर लावला, 'सप्लाय बरोबर आहे' म्हणाला आणि मेंदूची पेटी बदलली. पेटीला भाच्याचा दीड महिन्याचा पगार गेला. पंधरा दिवसांनी तेच दुखणे. मग 'होकायंत्र बदला' असा सल्ला आला. मला त्या कारागिराचा राग नाही. बिघाड झाला की सगळ्यांत महाग वस्तूवर बोट ठेवायचे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. परंतु तीत पैसे दुसऱ्याचे जातात.

मी पहिला दिवस मीटर बाहेरच काढला नाही. शाळेची एक वही घेतली आणि भाच्याला बसवून विचारत गेलो. केव्हा बंद पडला? तेव्हा इंजिन चालू होते का? दिवे कुठले लागले होते? फ्रिज? वारा कुठून होता, लाट कुठून? आधी मोटर कण्हली का? दहा वेळांच्या दहा ओळी झाल्या आणि चित्र उमटले. दहाच्या दहा वेळा इंजिन बंद होते, म्हणजे बॅटरीत वीज भरली जात नव्हती. आठ वेळा रात्र होती, म्हणजे दिवे लागलेले होते. आणि प्रत्येक वेळी मोटर जोर लावत होती. मेंदू बिघडला असता तर त्याने दिवसरात्र पाहिली नसती. हा उपाशी माणूस होता. काम पडले की घेरी येत होती.

दुसऱ्या दिवशी मीटर काढला. बॅटरीवर १२.७. मेंदूच्या पेटीपाशी १२.६. भाचा म्हणाला, "मामाजी, हेच तर त्यानंही दाखवलं होतं."

म्हटले, "बापू, धानाच्या पाटाला पाणी उभं असते तेव्हा पातळी कशी दिसते?"

"सारखी."

"आन् शेवटच्या बांधीचं तोंड फोडलं का?"

तो हसला. आमच्याकडच्या पोराला हे सांगावे लागत नाही. तोंड बंद असेल तोवर पाट शेवटपर्यंत काठोकाठ. पाणी वाहू लागले म्हणजे कळते गाळ कुठे साचला आहे. विजेचेही तेच. नुसते व्होल्ट पाहून उपयोग नाही, वीज वाहत असताना पाहिले पाहिजे. आम्ही चाक दोरखंडाने बांधून टाकले आणि यंत्राला वळायला सांगितले. मोटर कण्हू लागली, अडकित्त्याच्या मीटरवर पंधरा अँपिअर दिसले. त्या क्षणी बॅटरीवर १२.२ आणि पेटीपाशी १०.१. दोन व्होल्टांहून अधिक वाटेत कुणीतरी खात होते! त्यात बॅटरी थोडी उतरलेली असली आणि दिवे लागलेले असले की पेटीला दहाच्याही खाली मिळणार, आणि तिने आकडे विझवून डोळे मिटले तर तिचा काय दोष?

आता चोर कुठे ते शोधायचे. यात युक्ती अशी, की मीटरची एक सुई तारेच्या या टोकाला आणि दुसरी त्याच तारेच्या त्या टोकाला लावायची, आणि मोटर ओढत असताना पाहायचे. निरोगी तारेत जवळजवळ शून्य दिसते. जिथे आकडा दिसेल तिथे तेवढे व्होल्ट मेले. पाच-पाच सेकंदच भार द्यायचा, नाहीतर मोटर जळते. भाचा वर बटण दाबी, मी खाली आकडा वाची आणि वहीत लिही. मुख्य स्विचवर ०.२. फ्यूजच्या खोबणीत ०.३, उघडून पाहिले तर पितळेवर हिरवी बुरशी. पुढच्या तारेत ०.३. एकूण ०.८. अजून १.३ चा हिशेब लागेना.

तेव्हा मी उलट्या बाजूने निघालो. नवशिके लोक लाल तार तपासतात आणि काळी विसरतात. जणू काही वीज जाताना वाट वापरते आणि परतताना उडत येते. काळ्या तारेवर सुया लावल्या, आणि १.३! तारेच्या लांबीला ०.३ पुरे होते. एक सबंध व्होल्ट कुठल्यातरी एका जागी मरत होता. एक व्होल्ट आणि पंधरा अँपिअर म्हणजे पंधरा वॅट. एवढ्या उष्णतेत सोल्डरिंगची लहान इस्त्री तापते. म्हणजे ती जागा हाताला लागली पाहिजे.

तार पाण्याच्या टाकीच्या आणि संडासाच्या मागून जात होती. माझा देह तिथे जात नव्हता, म्हणून हात घातला. गालाला फायबरची भिंत, नाकाला डिझेल आणि कुजक्या पाण्याचा वास, बाहेरून पाण्याची थपथप. खाणीतल्या अरुंद बोळात मी वर्षे काढली आहेत. पण तिथे भिंत हलत नाही. वर भाचा बटण दाबतो आहे, मी बोटे तारेवरून सरकवतो आहे. गार, गार, गार, आणि एकदम ऊन. बाळाच्या कपाळासारखे ऊन.

फळी काढून तार ओढली. पूर्वीच्या कुणा मालकाने तार तोकडी पडली म्हणून दुसरी जोडली होती. दोन टोके पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी सोलली तर आत तांबे नव्हतेच म्हणा ना. हिरवी पूड आणि काळे पडलेले केस. वीसेक केसांतून पंधरा अँपिअर जात होते. मी तो तुकडा कापून भाच्याच्या हातात दिला. दीड महिन्याचा पगार त्याच्या डोळ्यांसमोरून गेला असावा.

खारी हवा तांब्याला असे करते, हे भंडाऱ्याच्या माणसाला सांगायला नको. आमचे गाव पितळेच्या भांड्यांचे. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले तर काय होते ते घरोघरच्या बायकांना माहीत. समुद्रावरच्या तारेचेही तसेच. तिचा प्रत्येक केस कथिलाने कल्हई केलेला असावा लागतो. तशी तार मिळते, थोडी महाग असते. आम्ही दहा चौरस मिलिमीटरची तशी तार आणली, बॅटरीपासून पेटीपर्यंत लाल आणि काळी दोन्ही अखंड ओढल्या, मध्ये एकही सांधा नाही. टोकांना टोप्या दाबून बसवल्या. त्यांवर आतून डिंक असलेली, गरम केली की आवळून बसणारी नळी. फ्यूजची खोबण नवी. पुन्हा चाक बांधले, पुन्हा पंधरा अँपिअर: बॅटरीवर १२.२, पेटीपाशी ११.७. वहीत लिहिले.

"झालं?" भाच्याने विचारले.

"तपासनी झाली. चाचनी राह्यली," मी म्हणालो. सही केली नाही.

चाचणीला रात्री बाहेर पडलो, कारण दुखणे रात्रीचे होते. आग्वादचा दिवा मागे टाकला. दुपारचे खारे वारे पडून मतलई वारे सुटले होते, जमिनीचा गवताचा वास समुद्रावर येत होता. शीड भरले, इंजिन बंद केले, दिवे, फ्रिज, सगळे मुद्दाम चालू केले. आकडे विझले नाहीत. एक तास, दोन तास. पण नौका नाकासमोर चालेना. झिंगलेल्या माणसासारखी वीस अंश डावीकडे, मग हळूच उजवीकडे. भाचा हताश झाला. "शेवटी होकायंत्रच गेलं म्हणायचं, मामाजी."

मला मात्र एक गोष्ट दिसत होती. लाटेने नौका कलली, की थोड्या वेळाने झिंग येई. सरळ असताना येत नसे. खाली होकायंत्राची डबी ज्या कप्प्यात होती त्याला लागून सामानाचा कप्पा. कान लावला. नौका कलली, आत काहीतरी खर्रर करून सरकले. नौका उजवी झाली, खर्रर करून परत आले. दार उघडले. बहिणीचा पत्र्याचा डबा! भाच्याने तो नीट जागा पाहून ठेवला होता. चकल्या, अनारसे, शेव, सगळे लोखंडी पत्र्यात, होकायंत्रापासून वीतभर अंतरावर, लाटेबरोबर येरझारा घालीत होते. प्रत्येक येरझारेला उत्तर दिशा थोडी सरकत होती आणि बिचारा मेंदू इमानाने तिच्या मागे जात होता.

डबा उचलून पुढच्या टोकाला नेला. झिंग गेली. आम्ही दोघे इतके हसलो, की कुणी जवळून जाणारा मासेमार घाबरला असता. मग डबा उघडलाच.

त्या रात्री मी भाच्याला झोपायला लावले. एकटी माणसे वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या घेतात. घड्याळ वाजले की उठून चहूकडे पाहतात. कुठे जहाज आहे का, दिवा न लावलेला होडका आहे का, जाळ्याची तरंगी आहेत का. हे पाहणे यंत्र करीत नाही. ते फक्त वाट धरून ठेवते. भाच्याने तसे करून दाखवावे अशी माझी अट होती. तो घड्याळ लावून निजला, वाजले की उठला, पाहिले, निजला. असे अकरा वेळा. मी चाकाशेजारी बसून होतो. चाक आपले आपण एवढेसे फिरे, थांबे, परत येई. मोटरचा आवाज ऐकू येई, जात्यासारखा, थोडा थोडा. अंधारात माणूस नसलेले चाक हलताना पाहणे प्रथम बरे वाटत नाही. पहाटेपर्यंत मला त्याची सवय झाली होती. डोंग्यावरचा जुना ढिवर असाच बसतो. काही करतो आहे असे दिसत नाही.

पहाटे वारा वाढला. हीच त्याची घेरीची वेळ. नौका चांगलीच कलली, मोटर कण्हू लागली, मी टॉर्च धरून आकड्यांकडे पाहत राहिलो. ११.८. ११.७. ११.८. पट्टी उजळलेली. बॅटरीचा डबा हाताला गार, नवी तार गार. भाचा बाराव्यांदा उठून आला आणि काही न बोलता बाजूला बसला. सूर्य वर आला तो जमिनीकडून, डोंगरांच्या मागून; आमच्याकडून म्हणा ना, भंडाऱ्याच्या बाजूने.

परत येऊन मी वहीत शेवटची ओळ लिहिली. तारीख, वेळ, आकडे, आणि खाली सही. मात्र सहीच्या वर आणखी तीन ओळी लिहिल्या, कारण खाणीत आम्ही अटींशिवाय सही करीत नसू: बॅटरी १२.२ च्या खाली गेली तर फ्रिज बंद करून इंजिन लावणे. चार तासांनी आकडे लिहिणे. किनाऱ्याजवळून जाताना फोन लागेल तेव्हा ते मामाला कळवणे. चौथी अट पत्र्याच्या डब्याविषयी होती. ती त्याने स्वतःच्या हाताने लिहिली.

मी साकोलीला जाऊन बहिणीसमोर वही ठेवली. तिने आकड्यांवरून बोट फिरवले. ती सातवी शिकलेली आहे. आकडे वाचते, पण व्होल्ट म्हणजे काय हे तिने कधी विचारले नव्हते. सहीपाशी येऊन बोट थांबले. "ही तुझीच ना?" म्हणाली. मी हो म्हटले. ती उठून आत गेली आणि मुलाला फोन लावून 'जा' म्हणाली. एवढाच एक शब्द मला ऐकू आला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो निघाला. मी मुद्दाम साकोलीलाच मुक्काम ठेवला. पहिल्या संध्याकाळी मालवणच्या बाहेरून निरोप आला: १२.५. मी वाचून दाखवला. ती वाती वळत बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काही आले नाही, दुपारी नाही. रत्नागिरीच्या अलीकडे तो किनाऱ्यापासून लांबून गेला होता, हे मला नकाशावरून कळत होते. तिला नकाशा दाखवण्यात अर्थ नव्हता. तिने दोनदा माझ्याकडे पाहिले आणि दोन्ही वेळा स्वयंपाकघरात गेली. दिवेलागणीला फोन किणकिणला.

"किती हाय?" तिने आतूनच विचारले.

"१२.४."

"कालच्याहून कमी हाय."

"रातभर चालला ना. उद्या ऊन पडलं का चढन."

ती पदराला हात पुसत दारात आली. "म्हनजे झोपला असन थोडासा," ती म्हणाली, आणि माझे ताट वाढायला गेली.